शेतातली ठेव: सोडलं तर खरं, पण "आनंदाच्या भरात" नाही सोडलं. मग ती ठेव मला सापडलीच नाही का?

वाटसरू_७

सर्वांना जय ख्रिस्त. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आमच्या पाळकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १३:४४ ते ४६ वर संदेश दिला. तेच येशूचे दोन दाखले, शेतात लपवलेली ठेव आणि मोलवान मोती. एकाला शेतात पुरलेलं धन सापडतं आणि तो आनंदाच्या भरात जवळचं सगळं विकून ते शेत घेतो, दुसरा व्यापारी एका मोत्यासाठी सगळं विकतो, आणि देवाचं राज्य तसं आहे असं येशू म्हणतो. लहानपणापासून ऐकत आलोय, पाठ आहेत म्हटलं तरी चालेल. पण या वेळी पाळक एका शब्दावर थांबले, "आनंदाच्या भरात". तो माणूस रडतकुढत विकायला गेला नाही, आनंदाच्या भरात गेला, असं ते म्हणाले आणि मग म्हणाले की देवाच्या राज्यासाठी काही सोडताना ज्याला आनंद होत नाही त्याने स्वतःला विचारावं की आपल्याला ती ठेव खरंच सापडली आहे का. हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

कारण सांगतो. चार वर्षांपूर्वी मी एक चांगली नोकरी सोडली. अकाउंट्सला होतो. जुन्या बिलांवरच्या तारखा बदलून ती परत लावायला सांगायचे, दोन वेळा मी केलं सुद्धा, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या वेळी स्टेपलरची पिन काढताना हात थांबला, पिन अर्धी निघालेली आणि मी तसाच बसून राहिलो, कितीतरी वेळ. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हा मनात हेच होतं की प्रभूच्या राज्यात आणि या टेबलावर एकाच वेळी बसता येणार नाही.

आता जिथे आहे तिथे पगार कमी, काम जास्त, आणि माझ्या जागी जो आला तो आज कुठल्या कुठे पोचलाय. मी त्याचं प्रोफाइल उघडून बघतो. रोज नाही पण बघतो. आणि मनात हिशोब चालू होतो की राहिलो असतो तर एव्हाना काय काय झालं असतं. पश्चात्ताप नाहीये, परत तीच वेळ आली तर परत सोडेन, पण आनंद म्हणाल तर तो काही सापडत नाही. नुसता हिशोब आहे.

तर प्रश्न असा की मी त्या शेतासाठी विकलं की नुसतं माझ्या स्वाभिमानासाठी? आनंद नसेल तर ते सोडणं देवाच्या हिशोबी धरलं जातं का? कृपया "फक्त विश्वास ठेवा" एवढंच लिहू नका, ते मला माहीत आहे.

पानं_चाळणारा

दादा, आधी त्या दाखल्याचा क्रम बघू, कारण मला वाटतं तुमची अर्धी बोच क्रमातच अडकली आहे.

ठेव आधी सापडते. मग आनंद. मग विकणं. येशूने कुठेही असं म्हटलं नाही की माणसाने सगळं विकलं म्हणून त्याला ठेव दाखवली गेली. तो माणूस तर शोधतही नव्हता, दुसऱ्याच्या शेतात बहुतेक मजुरीच करत असावा (हे वचनात नाही, माझा अंदाज, पण शेत त्याचं नव्हतं एवढं नक्की). हे ऐकणाऱ्यांना काही परीकथा वाटली नसणार. तेव्हा किमती वस्तू जमिनीत पुरून ठेवणं ही साधी पद्धत होती, मत्तय २५ मधला घाबरट चाकर धन्याचे पैसे पुरूनच ठेवतो ना. युद्ध आलं की लोक पुरायचे आणि पळायचे, आणि परत येऊ न शकलेल्यांचं तिथेच राहायचं. इ.स. ७० मध्ये यरुशलेम पडल्यावर रोमी सैनिकांना जमिनीखाली पुरलेलं बरंच धन मिळालं असं त्या काळच्या यहुदी इतिहासकार योसेफसने लिहून ठेवलंय. मृत समुद्राजवळच्या कुमरानला १९५२ मध्ये जी तांब्याची गुंडाळी सापडली ती तर अख्खी अशा लपवलेल्या ठेवींची यादीच आहे, कुठल्या पायरीखाली किती, कुठल्या टाकीत किती. म्हणजे येशूने दाखला दिला तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर मातीचं मडकं आणि त्यावर आपटलेलं अवजार हे लगेच उभं राहिलं असणार.

आणि एक बघा, हा दाखला लोकसमुदायाला सांगितलेलाच नाही. १३:३६ मध्ये येशू लोकांना निरोप देऊन घरात जातो, शिष्य जवळ येतात आणि मग हे दोन दाखले येतात. म्हणजे ज्यांनी जाळी आणि जकातीचं नाकं आधीच सोडलंय त्यांना तो हे सांगतोय. "सोडा" असं सांगायची वेळ केव्हाच निघून गेली होती. तुम्ही सोडलंत ते कशासाठी होतं हे तो त्यांना दाखवतोय, मी तरी असंच वाचतो.

थोमाचं म्हणून जे शुभवर्तमान ओळखलं जातं, १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला सापडलं ते (आपल्या बायबलमध्ये नाही आणि नसावं हेच बरोबर), त्यातही ही शेतातल्या ठेवीची गोष्ट आहे पण वेगळी. तिथे शेताच्या मालकाला ठेव माहीतच नसते, तो मरतो, मुलालाही माहीत नसतं, तो शेत विकून टाकतो, आणि विकत घेणाऱ्याला नांगरताना ती सापडते, मग तो व्याजाने पैसे द्यायला लागतो. संपली गोष्ट. ना आनंद, ना सर्वस्व विकणं. ते वाचलं आणि मत्तयातल्या एका ओळीत किती भरलंय ते मला पहिल्यांदा नीट कळलं, ती ठेव त्या माणसाला आधी पार हलवून टाकते आणि मगच त्याच्या मालकीची होते.

तर पिन अर्धी निघालेली असताना हात थांबला तो का थांबला? तुम्ही "स्वाभिमान" म्हणताय. आधी दोन वेळा तो का नाही थांबला मग? स्वाभिमान तर तेव्हाही होता. मला वाटतं त्या मिनिटाला अवजार मडक्यावर आपटलं होतं.

तेलाचा_दिवा

मला वरच्या उत्तराशी वाद घालायचा नाही पण एक बाजू राहून जातेय. ४४ व्या वचनात राज्य हे ठेवीसारखं आहे. ४५ मध्ये मात्र राज्य मोत्यासारखं आहे असं म्हटलेलंच नाही, नीट वाचा, राज्य हे चांगली मोत्ये शोधणाऱ्या व्यापाऱ्यासारखं आहे. काही जण म्हणतात हा नुसता बोलायच्या पद्धतीचा फरक आहे, असेलही, पण मी हे वाचते तेव्हा मला दिसतं की शोधणारा प्रभू आहे आणि मोती आपण. सर्वस्व त्याने विकलं. फिलिप्पै २ मध्ये तेच नाही का, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं. आपण कितीही सोडलं तरी एवढं काही आपण सोडलेलं नाही.

वाटसरू दादा, तुम्ही "माझ्यात आनंद होता का" हेच खणत बसला आहात. त्याला तुम्ही सापडलात तेव्हा त्याला आनंद झाला होता. लूक १५ मधला मेंढपाळ हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेतो ते आनंदाने घेतो. मेंढराला आनंद झाला की नाही ते लूकने लिहिलेलंच नाही.

पानं_चाळणारा

तेलाचा_दिवा, व्यापाऱ्याच्या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय, आणि या बाजूने वाचणारे आधीही होऊन गेलेत. मला फक्त एवढंच वाटतं की दोन्ही दाखले "आणखी, स्वर्गाचे राज्य…" असे एकमेकांना जोडून आलेत आणि दोन्हीत शेवट एकच आहे, जवळचं सगळं विकलं आणि ते घेतलं, म्हणून मी दोन्ही एकाच दिशेने वाचतो. पण तुमचं मेंढराचं वाक्य मी लिहून ठेवलं.

मोत्याबद्दल जाता जाता. आज आपल्याला हिरा सगळ्यात वरचा वाटतो पण त्या काळी तसं नव्हतं, येशूनंतरच्या काही दशकांतला रोमी लेखक प्लिनी सगळ्या मौल्यवान वस्तूंत मोत्याला पहिलं स्थान देतो. मोती यायचा लांबून, तांबडा समुद्र, इराणचं आखात, भारताचा किनारा, आणि पाणबुड्या श्वास रोखून खाली जायचा तेव्हा तो वर यायचा. म्हणजे त्या व्यापाऱ्याने आयुष्यभरात मोती कमी पाहिले नव्हते. चांगल्यातले चांगले हाताळलेला माणूस, नजर तयार झालेली, आणि तो एकापुढे सगळे काढून टाकतो. ठेववाल्याला अचानक मिळालं, याला शोधून शोधून मिळालं. आणि "आनंदाच्या भरात" हे शब्द फक्त ठेववाल्याच्या दाखल्यात आहेत, मोत्याच्या दाखल्यात आनंदाचा उल्लेखच नाही! वाटसरू, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय. व्यापाऱ्याला काय वाटलं ते येशूने सांगितलेलं नाही, त्याने काय केलं तेवढंच सांगितलंय.

मोहरीचा_दाणा

मी या थ्रेडवर थोडं रागानेच लिहितेय, दादा तुमच्यावर नाही. हे दाखले वापरून लोकांकडून पैसे काढलेले मी जवळून पाहिलेत. "सगळं विका, राज्यासाठी द्या" आणि देणाऱ्याच्या घरात मुलांची फी भरायची पंचाईत. वचनात बघा ना, त्या माणसाने विकून आलेले पैसे कुणाच्या हातात दिले? कुणाच्याच नाही, शेत घेतलं. श्रीमंत तरुणाला येशू म्हणाला जे आहे ते विक आणि गोरगरिबांना दे, मग चल, माझ्यामागे ये. मला आणून दे असं नाही म्हणाला. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धं दिलं, ज्यांना फसवलं होतं त्यांना चौपट परत, आणि येशू म्हणाला आज या घराला तारण प्राप्त झालंय. बाकीचं अर्धं कुठाय असं त्याने विचारलं नाही. बेथानीच्या मार्था-मरीयेचं घर तर शेवटपर्यंत होतं आणि येशू तिथेच जाऊन राहायचा. पेत्राने सगळं सोडलं म्हणतो आपण, पण मार्क १ मध्ये जाळी सोडल्यानंतर लगेच २९ व्या वचनात सगळे शिमोनाच्याच, म्हणजे पेत्राच्याच, घरी जातात आणि तिथे त्याची सासू तापाने पडलेली असते. म्हणजे घरही होतं आणि सासूही होती. "सर्वस्व" हे प्रत्येकाचं वेगळं असतं हो, आणि ते कुठलं हे दुसऱ्या कुणी टेबलावर हात आपटून सांगायचं नसतं.

दादा तुमचं सर्वस्व बहुतेक नोकरी नव्हतीच. तुमचं "राहिलो असतो तर" हे अजून विकायचं राहिलंय असं मला वाटतं. चुकत असेन तर माफ करा.

सकाळची_प्रार्थना

वाटसरू, मुला, माझं वय झालंय, मला मोठा अभ्यास नाही, एक गोष्ट सांगते.

माझं आणि माझ्या भावाचं जमिनीवरून बोलणं बंद होतं. नऊ वर्षं. माझा हक्क होता, तो काही खोटा नव्हता, सगळे म्हणायचे सोडू नकोस. पण मी प्रार्थनेला बसले की "आमच्या ऋण्यांना आम्ही सोडले आहे" इथे आले की माझी जीभ अडायची, मी ती ओळ भरभर म्हणून पुढे जायचे, वर्षानुवर्षं. शेवटी एके दिवशी ठरवलं आणि सोडून दिलं. कागदावर सही करायला गेले तर माझं पेन चालेना, मी झटकतेय, परत लिहितेय, उमटतच नाही. आणि शेजारी बसलेल्या भावाने आपल्या खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "हे घे." नऊ वर्षांनी तो माझ्याशी बोललेले पहिले दोन शब्द.

मला त्या दिवशी आनंद झाला नाही. खोटं सांगणार नाही. घरी येऊन मी रडले ते जमीन गेली म्हणूनच रडले. ते पेन माझ्याकडेच राहिलं होतं, परत द्यायचं विसरले. आठवड्याने द्यायला गेले, वहिनीने आत बोलावलं, बसले, आणि भावाच्या नातवाला मी पहिल्यांदा पाहिलं, चार वर्षांचा झाला होता. तेव्हा कुठे काहीतरी हललं आतमध्ये. रोमकरांस पत्रात १४:१७ ला आहे बघ, देवाचं राज्य म्हणजे खाणंपिणं नाही, नीतिमत्त्व, शांती आणि पवित्र आत्म्याने मिळणारा आनंद. नीतिमत्त्व आधी लिहिलंय, आनंद शेवटी लिहिलाय. माझ्याही बाबतीत त्याच क्रमाने आलं. पानं_चाळणारा यांनी आनंद आधी आणि विकणं नंतर असं लिहिलंय, दाखल्यात तसंच आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण माझ्या घरी उलटं झालं तर त्याला मी काय करू.

पानं_चाळणारा

ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकलो नाही. माझ्या क्रमाच्या मुद्द्याला तुम्ही चांगलाच धक्का दिलात. कदाचित असं असेल की "आमच्या ऋण्यांना" या ओळीवर वर्षानुवर्षं जीभ अडत होती ना, तेच ते सापडणं होतं, फक्त त्याचा आनंद वर यायला वेळ लागला. पण तुमच्या साक्षीला माझ्या चौकटीत मी जबरदस्तीने बसवत नाही.

वाटसरू, तुमच्या हिशोबाबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि मला वाटतं मुख्य तेच आहे. तुम्ही अकाउंट्सचे, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. फिलिप्पै ३:७-८ काढा. पौल तिथे चक्क खतावणीची भाषा बोलतो, लाभ आणि हानी. ज्या गोष्टी मला लाभाच्या होत्या त्या ख्रिस्तामुळे मी हानीच्या समजलो आहे, असं तो म्हणतो. आणि मूळ ग्रीकमध्ये एक बारीक गोष्ट आहे. सातव्या वचनात क्रियापद झालेल्या कामाचं आहे, "समजलो आहे", ठरवून झालं, विषय संपला. आणि आठव्यात तेच क्रियापद चालू वर्तमानात येतं, "समजतो". परत! नोंद तर आधीच झाली होती, मग परत का? कारण दिमिष्काच्या रस्त्यावर ख्रिस्त भेटला तेव्हा एकदा झालेला हिशोब त्याला पुढे तुरुंगात बसून पुन्हा मांडावा लागतोय. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी) म्हणून त्याचं जे नाव होतं, जी वाट मोकळी होती, ते सगळं त्याला आठवतंय, त्याशिवाय ५ आणि ६ व्या वचनात एवढी यादी त्याने दिलीच नसती, आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाच्या वंशातला, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी. ती यादी लिहिणाऱ्याला आपण काय सोडलं ते पाठ आहे. आणि ती सगळी लिहून झाल्यावर तो तिला केरकचरा म्हणतो.

म्हणजे ते प्रोफाइल उघडल्यावर हिशोब सुरू होतो हा काही ठेव न सापडल्याचा पुरावा नाही. पेत्रानेही सरळ विचारलंच होतं, मत्तय १९:२७, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? किती उघडा प्रश्न आहे हा. आणि येशूने त्याला झिडकारलं नाही, उत्तर दिलं, शंभरपट, आणि मार्कने ते सांगताना मधे "छळणुकीबरोबर" असा शब्दही घातलाय, म्हणजे फसवूनही घेतलं नाही. तुमचा हिशोब बंद करायची गरज नाही हो. फक्त तुम्ही एकच बाजू लिहिताय, गेलं काय तेवढंच. दुसऱ्या बाजूला त्या चार वर्षांत काय जमा झालं ते कधी लिहून पाहिलंय का?

आणि तुमच्या पाळकांचं वाक्य. मला त्यांचा हेतू चांगलाच वाटतो, पण मी असतो तर ते उलट बाजूने वापरलं असतं. ज्याच्याबद्दल खिन्न होऊन निघून गेला असं लिहिलंय तो श्रीमंत तरुण होता, मार्क १०:२२, आणि तो खिन्न झाला ते न सोडता. तुम्ही सोडून कधीकधी खिन्न होता. या दोन खिन्नता एक नाहीत. आणि त्याच्याकडेही येशूने पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, हे एकविसाव्या वचनात आहे, तो जायच्या आधी.

वाटसरू_७

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीपासून तीन वेळा वाचलं. मोहरीचा_दाणा, माफी कसली मागता, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. "राहिलो असतो तर" हे मी खरंच जपून ठेवलंय.

पानं_चाळणारा, तुम्ही सांगितलं तसं दुसरी बाजू लिहायला बसलो. पहिल्यांदा काहीच सुचेना, कागद कोराच. मग बायकोला विचारलं की नोकरी सोडली त्या दिवसाचं तुला काय आठवतं. मला वाटलं ती घराच्या हप्त्याचं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, त्या रात्री तुम्ही सकाळपर्यंत झोपलात, मधे एकदाही उठला नाहीत. त्याआधी कित्येक महिने मी रात्री दोन-तीनला उठून स्वयंपाकघरात अंधारात बसायचो म्हणे, आणि ती जागीच असायची, पण बोलायची नाही. मी हे पार विसरून गेलो होतो. तिने मात्र त्या रात्री उठून माझा श्वास चालू आहे ना ते बघितलं होतं, इतका गाढ झोपलो होतो.

ते लिहिलं जमेच्या बाजूला. पहिली नोंद.

सकाळची_प्रार्थना ताई, तुमचं पेनाचं मी बायकोला वाचून दाखवलं. ती तिच्या बहिणीशी दोन वर्षं बोललेली नाहीये. वाचून झाल्यावर ती काही बोलली नाही, उठून आत गेली. बघू.

तेलाचा_दिवा, व्यापारी म्हणजे प्रभू आणि मोती म्हणजे आपण हे माझ्या अजून नीट पचनी पडलेलं नाही, आपली तेवढी किंमत आहे हे मानणंच जड जातंय. रविवारी पाळकांना विचारतो, ते काय म्हणतात ते इथेच लिहीन.